उदकाचे शास्त्र आणि उमरठची तहान

माघ वद्य नवमीच्या सुमारास पोलादपूर तालुक्यातील उमरठ या गावाकडे अनेकांची पावले वळतात. ४ फेब्रुवारी १६७० रोजी सिंहगडावर धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसरे यांची समाधी येथे आहे. सह्याद्रीच्या कुशीतील या गावी आलेल्या पाहुण्यासमोर अजूनही आधी गूळ आणि पाण्याचा तांब्या येतो. चहाचे आधण मागाहून ठेवले जाते. माघात डोंगरातील ओहोळ अजून वाहते असतात, विहिरींना पाणी असते, आणि समाधीचे दर्शन घेऊन परतणाऱ्याला हा मुलूख पाण्याने भरलेला वाटतो. तोच पाहुणा चैत्र-वैशाखात पुन्हा या बाजूस आला, तर त्याला वेगळे दृश्य दिसेल. पोलादपूर आणि महाड या तालुक्यांतील अनेक वाड्यांना त्या दिवसांत टँकरची वाट पाहावी लागते, आणि डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेतलेल्या बायाबापड्या उन्हातून चढ चढताना दिसतात.

पाणी कसे प्यावे, केव्हा प्यावे आणि किती प्यावे, यासंबंधीच्या उपदेशाला सध्या तोटा नाही. सकाळी उठताच अमुक तांबे पाणी प्यावे, ते तांब्याच्याच भांड्यातले असावे, दिवसाकाठी आठ पेले झालेच पाहिजेत, जेवताना घोटभरही घेऊ नये, अशी सूत्रे घरोघर पाठ झाली आहेत, आणि बहुतेकांच्या शेवटी ‘असे आयुर्वेदात सांगितले आहे’ ही मोहोर उमटविलेली असते. आयुर्वेदात काय सांगितले आहे हे मूळ ग्रंथ उघडून पाहिले, तर मात्र चित्र निराळे दिसते. तेथे सर्वांना लागू पडणारा असा एकच आकडा नाही. तेथे ऋतू आहे, देश आहे, माणसाची पचनशक्ती आहे, आणि या सर्वांच्या आधी पाणी येते कोठून हा प्रश्न आहे. उमरठसारख्या गावाच्या संदर्भात हे शास्त्र वाचले म्हणजे त्यातील कोणता भाग आपण उचलला आणि कोणता सोयीस्करपणे विसरलो, हे ध्यानात येते.

मात्रा, काळ आणि पात्र

वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील सूत्रस्थानाचा पाचवा अध्याय द्रवद्रव्यांचा आहे आणि त्याचा आरंभच पाण्याने होतो. या ग्रंथावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, याने ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका लिहिली, ही गोष्ट मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी आहे. वाग्भटाचा सल्ला आजच्या प्रचाराच्या अगदी उलट आहे. शरद आणि ग्रीष्म हे दोन ऋतू सोडले, तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावे, असे तो म्हणतो. जेवणाच्या आधी पाणी पिणारा कृश होतो, जेवणानंतर पिणारा स्थूल होतो आणि जेवताना मधून मधून पिणाऱ्याचे शरीर सम राहते, हा त्याचा दाखला प्रसिद्ध आहे. म्हणजे जेवताना पाण्याला शिवू नये हा आजचा दंडक निदान वाग्भटाचा तरी नव्हे. पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाने आणि एक पेयाने भरावा, चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, हा मिताहाराचा नियमही त्याच ग्रंथातला.

पहाटेच्या पाण्याला, म्हणजे उषःपानाला, आधार आहे तो मुख्यतः पुढच्या काळातील ग्रंथांत. सोळाव्या शतकातील भावमिश्राने सूर्योदयाच्या सुमारास आठ प्रसृती पाणी पिण्याचा गुण वर्णिला आहे. प्रसृती म्हणजे आपला पसा. आठ पसे पाणी म्हणजे ढोबळमानाने पाऊण लिटरच्या आत-बाहेर. त्यावरून कोणी दोन-तीन लिटर पाणी एका बैठकीत घशाखाली उतरवीत असेल, तर त्याचा भार भावमिश्रावर टाकण्याचे कारण नाही. निरोगी मूत्रपिंडे तासाला साधारण लिटरभर पाणीच बाहेर टाकू शकतात. थोड्या वेळात त्याहून फार अधिक प्यायल्यास रक्तातील क्षाराचे प्रमाण घसरून जिवावर बेतू शकते. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, त्यांनी तर पाण्याचे माप डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. आठ पेल्यांच्या पाश्चात्त्य सूत्राचीही हीच गत आहे. अमेरिकेतील शरीरशास्त्रज्ञ हाइन्झ व्हाल्टिन यांनी २००२ साली या सूत्राचा शोध घेतला, तेव्हा निरोगी माणसाने रोज आठ पेले प्यायलेच पाहिजेत याला शास्त्रीय पुरावा त्यांना सापडला नाही.

पात्राविषयीही असेच आहे. सुश्रुताने पाणी देण्यासाठी मातीची, काचेची आणि स्फटिकाची पात्रे सांगितली आहेत. कोकणातल्या घराच्या पडवीतला माठ त्या परंपरेतच बसतो. तांब्याच्या घागरीची रीत मात्र केवळ भाबडी म्हणून सोडून देण्यासारखी नाही. बंगळूरच्या संशोधकांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधानुसार तांब्याच्या भांड्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यातील पटकी, विषमज्वर आणि अतिसाराचे जंतू नष्ट झाले, आणि पाण्यात उतरलेल्या तांब्याचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या पुष्कळच आत राहिले. पण हा गुण पाणी भरून रात्रभर ठेवण्याचा आहे, तांब्याच्या पेल्यात ओतून लगेच पिण्याचा नाही. शिवाय त्या भांड्यात ताक किंवा सरबत ठेवू नये, हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

पावसाळ्याचे पाणी

या शास्त्राचे खरे सामर्थ्य ऋतुचर्येत दिसते, आणि ते सह्याद्रीच्या या उतारावर चटकन पटते. दक्षिण रायगडच्या डोंगरपट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. त्या दिवसांत ओढे-नाले गढूळ होतात, शेणमूत, कुजका पाला, मेलेली जनावरे असे सारे पाण्याबरोबर वाहत येते. सुश्रुताने वर्षाकाळातील नव्या पाण्याचे वर्णन नेमके असेच केले आहे. कीटकांची विष्ठा आणि अंडी, सडलेली शवे, गवत आणि पाने यांनी दूषित झालेल्या त्या पाण्यात जो उतरेल किंवा जो ते पिईल, त्याला बाहेरचे आणि आतले रोग लवकरच गाठतात, असा त्याचा इशारा आहे. वाग्भटही पावसाळ्यात नदीचे पाणी वर्ज्य सांगतो, आणि पावसाचे स्वच्छ पाणी किंवा विहिरीचे उकळलेले पाणी प्यावयास सांगतो. रोगजंतूंची कल्पना नसलेल्या काळात निव्वळ निरीक्षणाच्या बळावर ही माणसे येथवर पोहोचली होती.

उकळलेल्या पाण्याचे त्यांनी केलेले भेदही व्यवहारी आहेत. गरम पाणी भूक वाढविते, घशाला हितकर असते, आणि नवा ताप, पडसे, खोकला, पोटफुगी यांत उपयोगी पडते. उकळून निवविलेले पाणी हलके असते. पण तेच रात्रभर तसेच ठेवून शिळे केले, तर ते दोष वाढविणारे ठरते. सकाळी उकळलेले पाणी उघड्या पातेल्यात दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवणाऱ्या घराने हा शेवटचा नियम स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावा. गढूळ पाणी निवळण्यासाठी सुश्रुताने सात साधने दिली आहेत. निवळीचे बी आणि वस्त्राने गाळणे ही त्यांतली दोन आपल्या आज्या-पणज्यांच्या हातची होती. मात्र निवळलेले पाणी दिसावयास स्वच्छ असते, निर्जंतुक असतेच असे नाही. म्हणून निवळी फिरविली तरी उकळी चुकवू नये.

पाऊस सरला की शरद ऋतू येतो. दिवसा सूर्याच्या किरणांनी तापलेले, रात्री चंद्राच्या किरणांनी निवलेले आणि अगस्तीच्या उदयाने निर्विष झालेले ते ‘हंसोदक’, अशी कल्पना चरक आणि वाग्भट या दोघांनीही मांडली आहे. तिच्यातील काव्य बाजूला ठेवले तरी गाळ खाली बसल्यावर आणि ऊन स्वच्छ पडू लागल्यावर पाणी सुधारते, हा अनुभव तिच्यामागे आहे. ग्रीष्मात पाडळीच्या फुलांनी आणि कापराने सुगंधित केलेले गार पाणी वाग्भटाने सांगितले. कोकणातल्या माणसाने माठात वाळ्याची जुडी सोडली आणि उन्हातून आलेल्याला आधी बसवून, घाम निवू देऊन, गुळाच्या खड्याबरोबर पाणी दिले. दोहोंतील बुद्धी एकच आहे.

ग्रंथ आणि विवेक

याचा अर्थ ग्रंथातील प्रत्येक अक्षर शिरोधार्य मानावे, असा मुळीच नाही. वाग्भट एके ठिकाणी म्हणतो की पश्चिम समुद्राला मिळणाऱ्या, वेगाने वाहणाऱ्या, निर्मळ नद्यांचे पाणी पथ्यकर असते. आणि त्याच प्रकरणात सांगतो की सह्य आणि विंध्य पर्वतांत उगम पावणाऱ्या नद्या त्वचारोग, पांडुरोग आणि डोकेदुखी निर्माण करतात. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर-महाडवरून बाणकोटच्या खाडीला जाणारी सावित्री सह्याद्रीची लेक आहे आणि पश्चिम समुद्राची वाटसरूही आहे. तिने कोणत्या वचनाला जागावे? अशा वेळी वचन बाजूला ठेवून पाणी तपासावे लागते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. अतिसाराच्या रोग्याला पाणी थोडेच द्यावे, असे वाग्भटाने म्हटले आहे. आज हा सल्ला शब्दशः पाळणे घातक ठरेल. जुलाबाने माणूस दगावतो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी रोग्यांना तोंडाने पाजले. तीस टक्क्यांच्या आसपास गेलेले मृत्यूचे प्रमाण त्या उपायाने चार टक्क्यांच्या खाली आले. ज्या घरात लहान मूल जुलाबाने मलूल झाले असेल, तेथे जलसंजीवनी हाच पहिला उपचार, पोथी नंतर.

तहान अडविणे

चरकसंहितेत दोन सूचना अशा आहेत की ज्यांची आज कोणी आठवण करीत नाही. शरीराचे तेरा वेग अडवू नयेत असे चरक सांगतो, आणि त्यांत मूत्राचा वेग आहे तशी तहानही आहे. तहान मारल्याने घसा आणि तोंड कोरडे पडते, ऐकू कमी येते, थकवा येतो, अंग गळून जाते आणि हृदयात व्यथा होते, असे परिणाम त्याने नोंदविले आहेत. किती पाणी प्यावे याची चर्चा करणाऱ्यांनी, तहान लागली असताना पाणी पिता येत नाही अशी किती माणसे आपल्या भोवती आहेत, याचा विचार करावा. टँकरच्या रांगेत उभी असलेली बाई घरातल्या सर्वांचे झाल्यावर उरले तर पाणी पिते. शाळेतली मुलगी सकाळपासून घोटभरच पाणी घेते, कारण शाळेचे स्वच्छतागृह जाण्याजोगे नसते. तालुक्याच्या कचेरीतील स्त्री कर्मचारी हेच करते, आणि एस. टी.चा वाहकही. ही माणसे मूत्र आणि तहान हे दोन्ही वेग एकदम अडवितात. त्यांना सकाळच्या आठ पशांचे माहात्म्य सांगणे ही थट्टा ठरते. शिक्षकाने तासाच्या मध्ये मुलांना पाणी पिण्याची मुभा द्यावी आणि शाळेने स्वच्छतागृहात पाणी ठेवावे, हाही आयुर्वेदाचाच प्रसार होय.

चरकाची दुसरी सूचना जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायातली. वायू, उदक, देश आणि काळ बिघडले की वेगवेगळ्या प्रकृतीची माणसेही एकाच वेळी आजारी पडतात, असे तेथे सांगितले आहे. बिघडलेल्या पाण्याची लक्षणे दिली आहेत ती अशी: गंध, रंग, चव आणि स्पर्श बदललेला, बुळबुळीतपणा आलेला, जलचर कमी झालेले, आणि पक्षी सोडून गेलेले. जे पाणी पाखरांनी टाकले, ते माणसाने पिऊ नये. येथे पाणी पिणे ही एकट्या माणसाची सवय राहत नाही, ती गावाची जबाबदारी होते.

पाण्याच्या शुद्धतेची ही सारी लक्षणे डोळ्यांनी आणि जिभेने कळणारी आहेत; माणसाच्या जातीचा त्यांत उल्लेख नाही. पोलादपूरहून सावित्रीच्या काठाने खाली उतरले की महाड लागते, आणि तेथील चवदार तळ्याने याची कसोटी पाहिली. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली संमत केला होता, महाड नगरपालिकेनेही पुढे तसा ठराव केला. तरी तळे खुले झाले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तेथे जाऊन ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर ते तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही यांनी भरलेल्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. सुश्रुताने दूषित ठरविलेले पाणी आणि समाजाने दूषित ठरविलेले पाणी यांतील अंतर त्या दिवसांत महाडने पाहिले. न्यायालयाचा अंतिम निर्णय यावयास १९३७ साल उजाडले. पाणी कसे प्यावे याच्या आधी कोणी प्यावे याचा निकाल या मातीत असा लावावा लागला. तो आता लागला आहे. उरला आहे तो पाणी वैशाखापर्यंत टिकविण्याचा प्रश्न.

आकाशातील गंगा

सर्व पाण्यांत श्रेष्ठ कोणते, तर आकाशातून पडणारे, असे सुश्रुत आणि वाग्भट एकमुखाने सांगतात. ते कसे धरावे हेही सुश्रुताने सांगितले आहे: पसरलेल्या स्वच्छ पांढऱ्या वस्त्रावरून गळणारे किंवा घराच्या छतावरून उतरणारे पाणी स्वच्छ भांड्यांत साठवावे. अवकाळी पावसाचे आणि ऋतूच्या पहिल्या पावसाचे पाणी मात्र पिऊ नये, असे वाग्भट बजावतो. छतावरचे पाणी साठविणारे आजचे अभियंते पहिल्या सरींचे पाणी वाहून जाऊ देण्यास सांगतात, ते याच कारणासाठी. त्या सरींनी छप्पर धुऊन निघते.

आता साधा हिशेब करावा. तीस चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला, तर ते नव्वद हजार लिटर पाणी होते. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला पंचवीस लिटर धरले, तर उन्हाळ्याच्या चार महिन्यांना तीन हजार लिटर पुरतात. म्हणजे छपरावरून जे वाहून जाते, त्याचा तिसावा हिस्सा झाकणाच्या टाकीत राहिला, तर निदान पिण्याच्या पाण्यासाठी त्या घरातील बाईला वैशाखात चढ चढावा लागणार नाही. टाकी घासलेली असावी, तोंडाशी जाळी असावी आणि पाणी उकळून प्यावे, एवढेच पथ्य. अर्थात हा खर्च प्रत्येक घराला झेपणारा नाही. तेथे ग्रामपंचायतीने आणि शासनाने हात द्यावयास हवा. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज पंचावन्न लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. पण कातळाच्या उतारावरून पाणी धावत समुद्राला जाते तेथे उद्भवच आटला, तर नळाची तोटी कोरडीच राहणार.

ही दृष्टी या प्रदेशाला परकी नाही. महाड तालुक्यातीलच रायगडावर गंगासागर आणि हत्ती तलाव आहेत, खडकात खोदलेली टाकी आहेत, आणि ती सारी पावसाचे पाणी धरण्यासाठी आहेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावे आणि एकाच झऱ्यावर विसंबून न राहता टाकी-तळी बांधावीत, अशी ताकीद आहे. उमरठच्या मावळ्यांनी राखलेल्या गडांना जे शहाणपण होते, ते गडांखालच्या वाड्यांना नसावे, हे त्या मावळ्यांच्या स्मृतीला शोभत नाही.

चैत्रात पाणपोई घालावी, अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला कुंभ दान द्यावा, ही रीत आपल्या पूर्वजांनी ऐन टंचाईच्या दिवसांसाठी लावून दिली. तहानेल्याला पाणी देणे हा धर्म त्यांनी मानला. पाणी किती प्यावे हे प्रत्येकाने आपली प्रकृती, ऋतू आणि तहान पाहून ठरवावे. त्यासाठी दंडक नको. पण येत्या ज्येष्ठात पहिल्या सरींनी छप्पर धुऊन निघाले की दुसऱ्या पावसाचे पाणी कोठे उतरवायचे, हे मात्र उमरठच्या परिसरातील प्रत्येक शाळेने, ग्रामपंचायतीने आणि घराने आजच ठरवावे. पाहुण्यासमोर गुळाबरोबर ठेवलेला तांब्या वैशाखातही भरलेला असेल, तेव्हाच उदकाचे हे शास्त्र आपण पाळले असे म्हणता येईल.